टब दादाचे, बुचं धाकट्याची

पुराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मदत केंद्रात मधलीच्या वाट्याला जुने कपडे आले. वाट्याला येण्याच्या बाबतीत तिचं नशीब पहिल्यापासून हे असंच. वडिलांच्या पश्चात धंद्याची वाटणी झाली तेव्हा ज्यात पाणी साठतं ते सगळं, म्हणजे टब, बेसिनं, टाक्या, थोरल्या भावाकडे गेलं आणि ज्यातून पाणी जातं ते, म्हणजे नळ, पाइप, बुचं, धाकट्याकडे. मधलीला मिळाले दोघांमधले निरोप. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी एक अक्षर बोललेले नव्हते. चढावर दुकानं समोरासमोर, मध्ये रस्ता आणि रस्त्यावर मधली. दादाकडून टब घेतलेलं गिऱ्हाईक बूच मागायचं तेव्हा दादा नुसता छताकडे बघायचा. गिऱ्हाईक काय समजायचं ते समजायचं आणि रस्ता ओलांडायचं.

केंद्र शाळेच्या दालनात होतं. याच शाळेत मधलीने हयातभर कवायत शिकवली होती, त्यामुळे आवाज खणखणीत होता आणि गळ्यात शिट्टी अजून होती. समोर कपड्यांचा ढीग होता. बुडालेल्या माणसाला सगळ्यात आधी कोट लागतो, अशी शहरातल्या सधन लोकांची समजूत असावी. ती कोटांतून टॉवेल वेगळे करत बसली होती, आणि दर टॉवेलागणिक तिचा धीर सुटत होता.

तेवढ्यात फोन वाजला. खालच्या गल्लीतल्या शिवणकारखान्याची मास्तरीणबाई होती. जुनी ओळख, शाळेचे गणवेश तिच्याकडेच शिवून यायचे.

"बाई, आम्ही छपरावर आहोत."

"कोण आम्ही?"

"सगळ्याच. काल मशीनं वर चढवायला थांबलो. आता मशीनंही वर आणि आम्हीही वर. पाणी खिडक्यांच्या वर आलंय. मागची भिंत हलतेय, म्हणजे मला तरी वाटतंय हलतेय. होडी कधी येणार तेवढं विचारा."

मधलीने विचारलं. केंद्रप्रमुखांनी सांगितलं की होड्या पलीकडे दवाखाना रिकामा करताहेत, इकडे यायला संध्याकाळ होईल. आणि धरणाचे दरवाजे दुपारी उघडणार, हे तर सकाळपासून भोंग्यावरून ओरडून सांगत होतेच. दुपार संध्याकाळच्या आधी येते, एवढं कवायतीच्या शिक्षिकेलाही कळत होतं.

पुढे तिने जे केलं ते तिच्या स्वभावात अजिबात नव्हतं. ती उठली, व्यासपीठावर गेली, स्वागतपर चार शब्द बोलणाऱ्या वॉर्डाच्या पुढाऱ्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि म्हणाली, "माझ्या भावाकडे टब आहेत. आंघोळीचे. फायबरचे. ते तरंगतात. मला उचलायला माणसं हवीत."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "चला!" आणि माणसं अशी निघाली की कोटांचा ढीग पायाखाली आडवा झाला.

दादाला पटवावं लागेल म्हणून ती वाटेत शब्द जुळवत होती. ते तसेच राहिले. दादा दुकानाच्या दारातच उभा होता, मागे पांढऱ्या टबांची रांग, आणि चेहऱ्यावर असं तेज की जणू नदी त्यानेच मागवली होती.

"मी म्हणत होतो की नाही?" तो बायकोला म्हणाला. "टबाचे दिवस येतील म्हणून?"

"तुम्ही दरवर्षी म्हणायचा," वहिनी म्हणाली. "असे येतील म्हणाला नव्हता." आणि साडीचा पदर खोचून तिने पहिल्या टबाचं एक टोक उचललंसुद्धा.

"हा नको! तो रुंद घे. याचा तळ गोल आहे, हा लोळेल." दादा टबांतून फिरत बोटं दाखवू लागला. वजन कशात किती मावतं, कुठला किती खोल बसतो, हे त्याला तोंडपाठ होतं. न खपणाऱ्या मालाचा अभ्यास माणसाकडून फार बारकाईने होतो.

टबांची वरात उतारावरून निघाली. बघ्यांनी वाट दिली. रस्ता जिथे पाण्यात शिरत होता तिथे सगळे थांबले. पुढे गल्ली होती, पण गल्लीच्या जागी गढूळ पाण्याचा लोंढा. मध्ये दिव्याचा एक खांब कमरेपर्यंत बुडालेला आणि टोकाला कारखान्याचं छप्पर. छपरावर रंगीत कापडाचे तुकडे हलत होते. बायका हात करत होत्या.

"मी जातो," दादा म्हणाला. "माल माझा आहे." तो टबात ऐटीत बसला. लोकांनी टब पाण्यात ढकलला. टाळ्या पडल्या. पुढाऱ्याने फोटो काढून घेतला. आणि दादाच्या दोन पायांच्या मधून पाण्याचं एक सरळसोट कारंजं उसळलं.

क्षणभर त्याला कळेचना. सगळी उमर टब विकण्यात गेली, पण त्या भोकाकडे त्याने पाणी बाहेर जायचा रस्ता म्हणूनच पाहिलं होतं. आत यायलाही तोच रस्ता, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. टब बूड टेकून गुडघाभर पाण्यात बसला. दादाही बसलेलाच राहिला.

"बूच!" वहिनी ओरडली. "अहो, बूच कुठंय?"

दादाने सवयीने वर पाहिलं. वर छत नव्हतं. मग त्याने मधलीकडे पाहिलं. "मधले," तो हळूच म्हणाला, "त्याला सांग."

मधली चढावर अशी धावली की शाळेतल्या मुलींनी पाहिलं असतं तर त्यांचा तिच्यावरचा जुना राग गेला असता.

धाकटा गल्ल्यावर उभा राहून खालीच बघत होता. वरून सगळं दिसत होतं, आणि हसू दाबून त्याचे कान लाल झाले होते.

"बुचं दे. आहेत तेवढी."

"कुणाला हवीत?"

"छपरावरच्या बायकांना हवीत. पाणी चढतंय, भिंत हलतेय. भांडायचं असेल तर परवा भांड."

हसू गेलं. त्याने फळीवरची खोकी खाली ओढली, रबरी बुचं पिशवीत ओतली, पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "पण त्याला सांग, त्याच्या टबात माझं बूच टिकायचं नाही."

मधली पिशवी घेऊन उलटी धावत सुटली. निरोप पोचवायची तिची एक पद्धत होती. दोघांकडून जे यायचं ते ती धान्यासारखं चाळून घ्यायची. टोमणे खाली, काम वर. "त्या महाशयांना सांग बिल भरा" हे पलीकडे "बिल आलंय" एवढंच होऊन पोचायचं. या चाळणीच्या जिवावर तर दोघांची दुकानं एका रस्त्यावर टिकली होती. 'माझं बूच टिकायचं नाही' हाही टोमणाच, तिने धावता धावता चाळून टाकला.

"दिली," ती खाली येऊन म्हणाली. "अजून काही म्हणाला नाही."

बुचं दाबून बसवली. या वेळी केंद्रातला एक दणकट स्वयंसेवक टबात चढला, कमरेला दोर, हातात काठी. टब तरंगला! लोकांचा श्वास सुटला. दहा हात गेला, पंधरा हात गेला. मग 'फट्' असा आवाज झाला, बूच स्वयंसेवकाच्या हनुवटीला लागून गेलं, आणि मागोमाग ते जुनंच कारंजं. दोराने त्याला परत ओढून आणावं लागलं. छपरावरचे हात खाली गेले.

"सांगितलं होतं ना!" मागून आवाज आला. धाकटा पळत आला होता, खांद्यावर थैली, बगलेत पाइपांचे तुकडे. "ताई, सांगितलं होतं ना मी! आंघोळीला पाणी वरून दाबतं, म्हणून बूच बसतं. इथे खालून दाबतंय. उडणारच! टिकायचं नाही म्हटलं होतं ना?"

दादा निथळत उभा होता. दोघांमध्ये हातभर अंतर. "मधले, त्याला विचार, मग हे आधी का नाही सांगितलं."

धाकटा म्हणाला, "ताई, त्याला सांग, सांगितलं होतं."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"सांगितलं होतं त्याने," ती म्हणाली. "मला वाटलं टोमणा आहे. मी गाळला."

"गाळला म्हणजे?" दादा म्हणाला.

"म्हणजे मी नेहमीच गाळते. तुम्हाला काय वाटलं, तुम्ही जे बोलता ते मी जसंच्या तसं नेत होते? मग आज तुमच्यातला एक तरी जिवंत राहिला असता का?" तिचा आवाज चढला, कवायतीचा झाला. "माझ्या गाळण्यापायी एक टब बुडाला. आता बायका बुडतील. आजपासून निरोप बंद. काय ते एकमेकांना सांगा."

आणि तिने शिट्टी दातांत धरली, म्हणजे बोलायचा मोहच नको.

दोघे भाऊ दोन दिशांना बघत उभे राहिले. मग धाकटा खाली बसला, टब उलटा केला आणि कामाला लागला. भोकात आटे असलेली पितळी जोडणी बसवली, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, बाहेरच्या बाजूने टोपण आवळलं. "हे खालून कितीही दाबलं तरी हलायचं नाही," तो हवेला म्हणाला.

"वरचं भोक राहिलं," दादाही हवेलाच म्हणाला. "काठाजवळचं. वजन पडलं की टब तिथवर बसतो."

धाकट्याचा हात थांबला. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने तेही बंद केलं.

"एकटा टब कलंडेल," दादा खांबाला म्हणाला. "दोन जोडायला हवेत. बाजूला काहीतरी तरंगतं हवं."

"पाइप," धाकटा पाण्याला म्हणाला. "दोन्ही तोंडं बंद केलेले. पण मोठे दुकानातच राहिलेत."

"निघालेत," वहिनी म्हणाली. तिच्या कानाला फोन होता. "हो गं, लांबवाले. आणि पट्ट्या पण आण. हो, तो सरसाचा डबा पण."

मधलीची शिट्टी दातांतून पडली. "कुणाशी बोलताय?"

"धाकट्या जावेशी."

"तुमच्याकडे तिचा नंबर आहे?"

"नसायला काय झालं? रोज सकाळी बोलतो आम्ही. हे दोघं दुकानात गेले की." वहिनीने फोन ठेवला. "तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही बिचाऱ्या इतक्या मन लावून निरोप आणायच्या. वाईट वाटलं असतं."

यावर विचार करायला मधलीला वेळ नव्हता, आणि ते एका परीने बरंच झालं. धाकटी टेम्पोतून पाइप घेऊन आली. दोघी जावांनी एकमेकींना अनोळखी माणसांसारखं न भेटता थेट कामाला हात घातला, तेव्हा दोघा भावांची तोंडं बघण्यासारखी झाली. पण बघायलाही कुणी थांबलं नाही. टबाशेजारी टब, वरून आडवे पाइप, पट्ट्यांनी आवळलेले, दोन्ही अंगांना लांब पोकळ पाइप, टोपणं चिकटवून बंद. मदत केंद्रातली माणसं, बघे, शेवटी पुढारीसुद्धा पँट दुमडून ओढाताण करू लागला. सगळ्यांना एकदम काहीतरी चढलं होतं; जो तो ओरडत होता आणि कुणी कुणावर रागावत नव्हतं.

डाव्या टबात दादा, उजव्यात धाकटा, दोघांच्या हातात पाइपच्याच काठ्या. मधली दादाच्या पुढ्यात बसली. बायकांना उतरवायला छपरावर कुणीतरी लागणारच होतं. मागे दोर, दोर धरायला अर्धी गल्ली.

तराफा निघाला, तरंगला, आणि जागच्या जागी गोल फिरला.

दादा ढकलायचा तेव्हा धाकटा काठी वर घ्यायचा, आणि धाकटा ढकलायचा तेव्हा दादा नाक पुसायचा. छप्पर एकदा समोर दिसलं, मग उतारावरची माणसं दिसली, मग परत छप्पर. दोघांनी मधलीकडे पाहिलं. मधलीने शिट्टी परत दातांत धरली. तराफा फिरत फिरत दिव्याच्या खांबाकडे निघाला आणि धाकट्याची पाठ खांबाकडे होती.

"मधले, त्याला..." दादा म्हणाला. मधली हलली नाही. खांब आला.

"मागे बघ, गाढवा!"

धाकट्याने मागे पाहिलं, काठी टेकली, तराफा खांबाला घासून सुटला. मग तो सावकाश वळला. "गाढव कोण? टब पाण्यात टाकताना भोक विसरला तो कोण?"

"आणि वरचं भोक कोण विसरलं?"

"एकच विसरलो. तू दोन्ही विसरलास!"

"तुला टबातलं काय कळतं रे? वाटणीत नळ मागून घेतलेस तेव्हा..."

"मी मागितले? मी? तू म्हणालास, नळ तुझ्या डोक्याला झेपतील!"

"झेपले ना पण?"

"झेपले! तुझे टब खपले का?"

मधलीने डोळे मिटून घेतले होते. उघडले तर छप्पर जवळ आलेलं. तराफा सुतासारखा सरळ चालला होता. एकाने वाक्य फेकलं की काठी रोवायचा, दुसरा उत्तराबरोबर रोवायचा. इतकी वर्षं साठलेलं सगळं निघत होतं, आणि नाही म्हटलं तरी भांडणाला एक ठेका असतो. ती ते अडवायला गेली नाही. गाळायला तर मुळीच नाही.

छपरावर मास्तरीणबाई गळ्यात मोजपट्टी अडकवून उभी होती. "आलात? हे दोघं का भांडताहेत?"

"भांडू द्या," मधली वर चढत म्हणाली. "त्यावरच तराफा चाललाय. आधी कुणाला उतरवायचं?"

"आधी मशीनं."

"आधी माणसं."

"बाई, मशीनं गेली तर माणसं वाचून काय करणार? शिवणार कशावर?"

"मागची भिंत बघा."

मास्तरीणबाईने पाहिली. भिंतीचा एक कोपरा पाण्याने अलगद काढून नेला, विटा हातात घेऊन बघाव्यात तसा. तिने पुढे मशीनचं नाव काढलं नाही. पण मधलीच म्हणाली, "पत्र्यावर नको, इकडे सिमेंटच्या बाजूला ओढून ठेवा. बांधून ठेवा. ती बाजू पक्की आहे, राहिली तर राहतील." बायकांनी मशीनं ओढली, आणि कापडाच्या ताग्यांनी एकमेकांना बांधली.

मग फेऱ्या सुरू झाल्या. मधलीने बायकांना रांगेत बसवलं, एकीला डावीकडे, एकीला उजवीकडे, वजन सारखं. हसणाऱ्या होत्या, रडणाऱ्या होत्या, आणि एक होती ती टबात बसताना म्हणाली, "असल्या टबात बसायची माझी फार दिवसांची इच्छा होती." प्रत्येक फेरीत भांडण एक एक वर्ष मागे जात होतं. वाटणीवरून ते वडिलांच्या दवाखान्याच्या खर्चावर आलं, तिथून लग्नावर, लग्नावरून शाळेतल्या तुटलेल्या सायकलीवर. टबात बसलेल्या बायका आळीपाळीने न्याय देत होत्या.

शेवटच्या फेरीला दोघे परत आले तेव्हा घसे बसले होते, तरी तोंडं चालूच होती. छपरावर राहिल्या होत्या तिघी: मधली, मास्तरीणबाई आणि टबाला घाबरून मागे राहिलेली, कारखान्यात कापड कापणारी आजारी बाई. पत्र्याची बाजू मागच्या भिंतीबरोबर करकरत गेली होती. लांबून भोंगा वाजला. धरणाचे दरवाजे उघडले.

"एवढं वजन जायचं नाही," दादा म्हणाला. "कुणीतरी उतरायला हवं. तू उतर."

"मी का? पाइप माझे."

"टब माझे!"

"मग तूच उतर!"

"मी मोठा आहे म्हणून सांगतोय."

"तू लहानपणापासून तेच सांगतोयस!"

"दोघेही उतरा," मधली म्हणाली.

दोघांनी वर पाहिलं. आणि टबातून उतरून छपरावर चढले. सवयीने नव्हे, हा तिचा स्वतःचा निरोप होता, आणि तिने तो थेट दिला होता.

मधलीने काठी घेतली, दुसरी मास्तरीणबाईला दिली. आजारी बाईला मध्ये बसवलं. "एक, दोन," ती म्हणाली, आणि तराफा निघाला, नीट, न फिरता, कुणाचंही जुनं काही न काढता. उतारावरून दोर ओढणारे होतेच. प्रवाह आता काठीला खेचत होता, हातांना रग लागली होती, आणि मधलीला एवढा आनंद झाला होता की तिला स्वतःचीच लाज वाटली. मागे वळून पाहिलं तर दोघे भाऊ सिमेंटच्या तुकड्यावर मशीनांच्या रांगेत बसले होते, एकमेकांकडे पाठ करायला जागा नव्हती म्हणून खांद्याला खांदा लावून.

उताराला लागताच जावांनी दोघींना वर ओढलं. मधली उतरली नाही. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मोटारीची खरीखुरी सरकारी होडी घरघरत आली. लांबरुंद, नारिंगी. अधिकाऱ्याने भोंग्यातून विचारलं, "छपरावर अजून दोन वयस्कर इसम आहेत ना? तुम्ही व्हा बाजूला, आम्ही आणतो."

"नको," मधली म्हणाली.

"बाई, पाणी चढतंय."

"म्हणूनच. तुम्ही अंगाला लागून चला, काही झालं तर धरा. पण आणणार मी." तिने वहिनीला हात दिला. वहिनी तिच्याच टबात मागे चढली, पदर दातात धरला, काठी उचलली.

"अहो पण का? आमच्यात भरपूर जागा आहे!"

"तेच तर," मधली म्हणाली आणि काठी रोवली. "तुमच्यात दोघं दोन टोकांना बसतील. आमच्यात त्यांना एकच टब मिळणार आहे."